अर्ध्या रुंदीची होडी

मुलांनो,

तुमचे पत्र आणि सोबतचे मोठे घडी घातलेले कागद मिळाले. ते मी जेवणाच्या टेबलावर पसरले, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि भिंग घेऊन नीट पाहिले. अठ्ठावीस फुटांची शिडाची होडी. आत दोन बाकडी, एक स्टोव्ह, एक पाण्याची टाकी. तुम्ही दोघे घर विकून हिच्यात राहायला जाणार. कुणावर अवलंबून राहायचे नाही, लागेल ते आपले आपण करायचे. आणि आजीने आशीर्वाद द्यावा.

आशीर्वाद हवा असेल तर आधी हे वाचा. आपल्या घराण्यात असे पहिल्यांदाच होते आहे, असे तुम्हाला वाटते, म्हणून पत्र मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहायला बसले. हे पहिल्यांदा होत नाही. तुमच्या पणजोबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे सोलापुरात करून दाखवले आहे. ज्यांनी ते डोळ्यांनी पाहिले त्यांतली मी एकटीच उरले आहे आणि माझा हात अजून स्थिर आहे. इंग्रजीत लिहिणे मला जड गेले नसते आणि तुम्हाला वाचायला सोपे गेले असते. तरी मराठीतच लिहिते. शब्द अडला तर आईला फोन करा. तेवढ्या निमित्ताने तिला फोन होईल.

क्रमाने सांगते.

वडिलांना आम्ही अप्पा म्हणत असू आणि आईला अव्वा. अव्वा दुधनीकडची. रोजचे बोलणे मराठीत, पण राग आला की कानडीत, आणि तोही एका शब्दात. अप्पा गिरणीच्या कचेरीत कारकून होते. सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षे झाली होती. मंदीचे दिवस होते, गिरण्या माणसे कमी करत होत्या. अप्पांना कमी केले नाही. फक्त त्यांचे टेबल खिडकीजवळून उचलून दाराजवळ नेले. काम तेच, पगार तोच. अप्पांनी दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. दाराजवळ बसायचे नाही म्हणून माणूस घरी बसला, आणि घरी बसून त्यांनी जाहीर केले की यापुढे जमिनीवरच्या कुणाही माणसाची चाकरी करायची नाही.

'जमिनीवरच्या' हा शब्द आम्ही तेव्हा फारसा मनावर घेतला नाही.

त्याच सुमारास गिरणीचा गोरा इंजिनिअर विलायतेला परत गेला आणि त्याच्या बंगल्यातले सामान विकायला निघाले. लोकांनी खुर्च्या घेतल्या, कंदील घेतले, चिनीमातीची भांडी घेतली. अप्पांनी पुस्तक आणले. जाड निळ्या पुठ्ठ्याचे, इंग्रजी, लहान शिडाच्या होड्या कशा बांधाव्यात आणि त्यांत कायमचे कसे राहावे यावरचे. मागे दहा-बारा मोठ्या आकृत्या होत्या. सोलापुरात पाणी पाहायचे तर लोक घागरीत वाकून पाहतात. समुद्र पाहिलेला माणूस आमच्या गल्लीत एकच होता, आणि तो मुंबईहून दमा घेऊन परत आला होता. तिथे हे पुस्तक आले.

अप्पांना इंग्रजी यायचे ते कचेरीपुरते. कापडाच्या गाठीचा नंबर, किती वार, 'डॅमेज्ड'. एवढ्यावर होडी बांधता येत नाही. मी मुलांच्या हायस्कुलात मॅट्रिकच्या वर्गात होते. वर्गात आम्ही चार मुली, आणि इंग्रजीत पहिला नंबर माझा. हा नंबर माझ्या असा कामी येईल असे मला वाटले नव्हते. अप्पांनी पुस्तक माझ्यापुढे ठेवले आणि सांगितले, "हे मराठीत उतरवून दे. सबंध."

"अप्पा, माझा अभ्यास आहे. मॅट्रिकचा फॉर्म भरायचा आहे. त्याच्यावर तुमची सही लागते."

"पुस्तक पुरं होईल त्या दिवशी सही."

"आणि नाही झालं तर?"

"तर पाण्यावर मॅट्रिक कशाला लागतंय?"

अशी माझी गोष्ट त्या पुस्तकाला बांधली गेली. फॉर्म गेला नाही तर परीक्षा नाही. परीक्षा नाही तर काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तुळजापूरकडचे एक स्थळ दोनदा येऊन चहा पिऊन गेले होते. हेडमास्तरांना विचारले, आईची सही चालेल का? ते म्हणाले, पालक हयात असताना आई कशी चालेल? हे वाक्य मी तेव्हा पाठ केले. पुढे आयुष्यभर शिकवताना अशी वाक्ये बोलणारे पुष्कळ हेडमास्तर भेटले, तेव्हा ते मला नवीन वाटले नाही.

मी रोज शाळेतून आल्यावर आठ पाने उतरवत असे. पहिल्या पानापासून, क्रमाने. पुस्तक लिहिणारा साहेब स्वतः होडीत एकटा राहत होता आणि त्याचा त्याला फार गर्व होता. शहरातली माणसे गुलाम आहेत, नोकर आहेत, आपण तेवढे स्वतंत्र, असे तो दर दोन पानांनी म्हणे. तिसऱ्या प्रकरणात कळले की दर शनिवारी खाडीकाठची एक बाई त्याला पाव, अंडी आणि धुतलेले कपडे आणून देते. तिच्यावर सगळी मिळून एक ओळ होती. मी ती उतरवली आणि तिच्याखाली लाल शाईने रेघ मारली. अप्पांनी विचारले, "ही रेघ कसली?" मी म्हणाले, "महत्त्वाचं वाटलं." त्यांनी मान डोलावली आणि पुढे वाचायला लागले.

तुमच्या पत्रात आहे की दर पंधरा दिवसांनी बंदराला लागून सामान भराल. म्हणजे तुमचे स्वावलंबन पंधरा दिवसांचे आहे. साहेबाचे सात दिवसांचे होते. प्रगती आहे. आशीर्वाद मी तुम्हा दोघांना देते, कागदांना नाही.

मी प्रकरणामागून प्रकरण उतरवत होते आणि अप्पांना दम नव्हता. त्यांनी मागच्या आकृत्या घेऊन सुताराला बोलावले आणि आमच्या मागच्या अंगणात काम सुरू केले. लाकूड आंब्याचे, कारण सागवान परवडणार नव्हते. फटी बुजवायला गिरणीतले टाकाऊ सूत, राळ आणि जवसाचे तेल. अंगणात तेलाचा असा वास बसला की अव्वाने तुळशीची कुंडी उचलून पुढच्या दाराशी नेली. सुतार संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे दुरुस्त करणारा होता. मुकाट काम करायचा. होडीच्या एकाही भागाला त्याच्याकडे शब्द नव्हता. डोलकाठीला तो मांडवाचा खांब म्हणे, सुकाणूला फळी म्हणे. फासळ्या उभ्या राहिल्या तसा तो अस्वस्थ होऊ लागला.

"मालक, हे लई बारीक होतंय की."

"आकृतीप्रमाणे होतंय ना?"

"आकृतीपरमानंच होतंय. पर ही होडी हाय का पन्हळ? ह्यात माणूस कुशीवर वळायचा म्हनला तर खाली उतरावं लागंल."

"साहेब लोक सडपातळ असतात," अप्पा म्हणाले.

अकराव्या प्रकरणाचे नाव होते 'आकृत्या कशा वाचाव्यात'. ते मी अकराव्या आठवड्यात उघडले, कारण ते अकरावे होते. पहिल्याच पानावर लिहिले होते की होडीच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात, म्हणून वरून पाहिलेल्या आकृतीत अर्धीच होडी काढण्याचा रिवाज आहे. मधली सरळ रेघ हा होडीचा मध्य समजावा आणि तेवढाच भाग दुसऱ्या बाजूला धरावा.

मी वही घेऊन अंगणात गेले. अप्पांनी मधल्या रेघेला होडीची एक बाजू धरली होती. एक बाजू सरळ कशी असेल, म्हणून त्यांनी तिलाही अंदाजाने थोडा बाक दिला होता आणि सगळी रुंदी आकृतीत होती तेवढीच ठेवली होती. साडेपाच फुटांची होडी पावणेतीन फुटांची झाली होती. लांबी मात्र पूर्ण, अठरा फूट.

मी वाचून दाखवले. सुताराने रंधा खाली ठेवला.

अप्पा म्हणाले, "अर्धं चित्र काढायला साहेबाला काय कागद कमी पडला?"

"अप्पा, रिवाज आहे त्यांचा. इथं छापलंय."

"मी वीस वर्षं साहेबांबरोबर काम केलंय. साहेब अर्धवट काम करत नाही."

"मग शिडाची आकृती बघा. ती पूर्ण आहे. एवढं शीड ह्या एवढ्या होडीवर…"

"भूमिती वहीत ठेव, पोरी. लाकूड माझ्या हातात आहे."

सुतार माझ्याकडे पाहत होता. तो हळूच म्हणाला, "ताई, हे पान आदी उगडायला येत नव्हतं व्हय?"

येत होते. पण मी क्रम सोडला नव्हता. या सगळ्यात माझा काही दोष असेल तर तो एवढाच, आणि तो मी नाकारत नाही.

होडी पुन्हा सोडून बांधायला लाकूड नव्हते, आणि त्याहून मोठे कारण म्हणजे गल्ली पाहत होती. रोज संध्याकाळी पाच-सात माणसे कठड्यावर बसून होडी बघत. त्यांतले निम्मे गिरणीतले, अप्पांच्या टेबलाची गोष्ट माहीत असलेले. "वा, कारकून, तुम्ही खरे मर्द," असे ते तोंडावर म्हणत आणि कोपऱ्यावर जाऊन हसत. अशा लोकांपुढे अप्पा चूक कबूल करणार नव्हते. घरमालकालाही त्यांनी कळवून टाकले होते की पाडव्याला घर खाली करतो, आम्ही हिप्परग्याच्या तलावावर राहायला जाणार. अव्वाला हे घरमालकाच्या बायकोकडून कळले.

शीड विणायला पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकराला सांगितले. जाड पांढरे कापड, बिनकाठाचे. तो मागावरून उठून बाहेर आला.

"अय्या, काठ नको म्हणजे काय?"

"शिडाला काठ नसतो."

"बिनकाठाचं पांढरं कापड माणसाला एकदाच लागतं. ते माझ्या मागावर होत नाही. माझा बाप विणला नाही, मी विणणार नाही. काठ घालतो, नाहीतर दुसरीकडे जावा."

दुसरीकडे कुणी एवढे लांब कापड विणायला तयार नव्हते. शेवटी शिडाला चार बोटे रुंद लाल काठ आला, तोही रुईफुलाच्या नक्षीचा. काठाचे सूत जास्त घट्ट, मधले सैल, त्यामुळे शीड कडेला आवळलेले आणि मध्ये पोटासारखे सुटलेले. त्या सगळ्या उपद्व्यापात मला त्या विणकराचा मात्र आदर वाटला. त्याला काय करायचे नाही हे नक्की माहीत होते.

बारावे प्रकरण मी गड्ड्याच्या जत्रेच्या आदल्या दिवशी पुरे केले. सहा वह्या झाल्या. त्यांत दोरांच्या गाठींचीच चाळीस नावे होती, आणि लोक पुढे म्हणत असत की बाईंचे इंग्रजी त्या पुस्तकाने झाले. खोटे आहे. माझे इंग्रजी शाळेतल्या मास्तरांनी केले. त्या पुस्तकाने मला गाठी दिल्या. वह्या आणि फॉर्म घेऊन मी अप्पांपुढे उभी राहिले.

"झालं पुस्तक. सही करा."

अप्पांनी फॉर्म पाहिला, घडी घालून मला परत दिला आणि म्हणाले, "जहाजावर करतो. जहाजावरचं पहिलं कागदपत्र तुझं. आठवण राहील."

"फॉर्म शनिवारी पोचला पाहिजे. त्यानंतर हेडमास्तर घेणार नाहीत."

"शनिवारच्या आत आपण पाण्यावर असू."

आता एवढे ध्यानात ठेवा की ज्याच्या सहीने माझे आयुष्य कुठे जाणार ते ठरायचे होते, त्या माणसाला ती सही करायला पाण्याची शोभा हवी होती.

बुधवारी होडी बैलगाडीवर घालून निघाली. मागे सहा फूट बाहेर लोंबत होती. रस्त्यात एका बाईने विचारले, "एवढी लांब डोण? म्हशी किती हायत वो तुमच्या?" हिप्परग्याला गल्लीतली बरीच माणसे आली. नारळ फुटला. आणि नारळाच्या जोरावर अप्पा सगळ्यांदेखत बोलून बसले: "आठ दिवस जमिनीला पाय लावणार नाही. आठ दिवसांनी बायको-मुलगी पण येतील. मग बघा."

होडी पाण्यात ढकलली. अप्पा मध्ये बसले. होडी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली आणि अप्पा अगदी मधोमध निश्चल झाले तेव्हा थांबली. शीड अर्धे चढवले तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि सगळी होडी एका कुशीवर जायला लागली. अप्पांनी दोर सोडला आणि शीड खाली घेतले. काठावरून कुणीतरी ओरडले, "लुगडं वाळलं का वो?" अप्पांनी तीस-चाळीस पावलांवर दगडाचा नांगर टाकला आणि तिथेच राहिले. या गोंधळात फॉर्म माझ्या पिशवीतच राहिला, आणि दौत-टाक अप्पा घरी विसरले होते.

गुरुवार गेला. शुक्रवारी अव्वाने भाकरी बांधल्या आणि मी दौत, टाक आणि फॉर्म घेतला. टांगा केला. तलावावर पोचल्यावर पाहिले तर अप्पांच्या चार कोंबड्या काठावर हिंडत होत्या. होडीवर अंडी मिळावीत म्हणून त्या घेतल्या होत्या, पण त्या एका बाजूला धावल्या की होडीही त्या बाजूला जाई. कोथिंबिरीची कुंडीही काठावर होती. तलावावर मासे धरणारा एक म्हातारा तीन दिवस अप्पांना विहिरीचे पाणी, आपल्या घरची आमटी आणि तंबाखू पोचवत होता. त्याच्याकडे होडी नव्हती. काहील होती. गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात ती पसरट लोखंडी कढई. आमच्याकडे नदी-तलाव ओलांडायला लोक तीच वापरत.

"अप्पा आजारी तर नाहीत?" मी विचारले.

"छ्या. लई खंबीर मानूस. तीन दिस झालं, मांडी मोडली न्हाई."

"का?"

"मोडली की कलंडतंय."

अव्वा काठावर दगडावर बसली. म्हातारा म्हणाला, "बसा ताई काहिलीत. मदी बसा. हलायचं न्हाई, बोलायला हरकत न्हाई."

"बुडत नाही ना?"

"गूळ करून करून पिकलीय ती. आता काय बुडती?"

ती गोल गोल फिरत, हळूहळू, पण गेली. तिची आकृती कुणी काढलेली नव्हती. दोन माणसे, भाकरीचे गाठोडे, घागर आणि दौत एवढे घेऊन ती पाण्यावर ताटासारखी सपाट होती. आम्ही अप्पांजवळ आलो. डोळे लाल, दाढी वाढलेली, हात गुडघ्यांवर घट्ट रोवलेले. झोप बसूनच झाली असावी. दोन्ही बाजूंना दगड रचून तोल धरला होता.

"जहाजावर यायचं तर आधी परवानगी मागायची असते," ते म्हणाले. "पुस्तकात आहे."

"मीच लिहून दिलंय ते. सही करा, अप्पा. उद्या शनिवार."

"टीपकागद आणलास?"

"नाही."

"मग शाई वाळेपर्यंत थांबावं लागेल. आण."

होडीत रचलेल्या माझ्या सहा वह्यांतली एक उचलून मी फॉर्म तिच्यावर ठेवून त्यांच्या मांडीवर दिला आणि दौत हातात धरून राहिले. अप्पांनी तो पहिल्यापासून वाचला, जशी कचेरीत गाठींची यादी वाचत असतील तशी. जन्मतारीख ताडून पाहिली. एका शब्दाचे स्पेलिंग पाहिले. खाली लांबलचक, शेपूट असलेली सही केली. मग त्यांचे बोट एका जागी थांबले.

"ही जागा कोरी का?"

ती जागा पालकाच्या व्यवसायाची होती. मी मुद्दाम कोरी ठेवली होती. तिथे काय लिहायचे ते मला माहीत नव्हते.

"तुम्हीच भरा," मी म्हणाले.

अप्पांनी टाक त्या जागेवर आणला आणि परत उचलला. म्हातारा वल्ह्यावर हात टेकून दुसरीकडे बघू लागला. मला वाटले, आता हे 'स्वतंत्र' लिहिणार, किंवा 'जहाजमालक', आणि हेडमास्तर फॉर्म फेकून देणार. अप्पांनी टाक दौतीत बुडवला आणि सुंदर अक्षरात लिहिले, 'क्लार्क'. फुंकर घालून वाळवले.  

मग त्यांनी फॉर्म मला द्यायला हात पुढे केला, आणि हातामागे खांदा गेला.

होडी सावकाश कलंडली. घाईने नाही. अठरा फूट लांबीची ती वस्तू, माझ्या सहा वह्या, लाल काठाचे शीड, दगड, तांब्या सगळे एका बाजूला ओघळले, आणि अप्पाही त्याबरोबर गेले. पाण्यात प्रथम डोके गेले. एक हात वर राहिला. त्या हातात फॉर्म होता. डोके खाली, पाय कुठे ते कळत नाही, आणि हात खांबासारखा सरळ वर. म्हाताऱ्याने काहील वळवली आणि मी फॉर्म घेतला. एक कोपरा भिजला होता. सही कोरडी होती.

फॉर्म माझ्या हातात आल्यावर अप्पा उभे राहिले. पाणी छातीपर्यंत होते.

तीन दिवस हा माणूस छातीभर पाण्यावर, बुडायच्या भीतीने मांडी न मोडता, बसून राहिला होता. त्या साली पाऊस कमीच झाला होता, तलाव उतरला होता, आणि त्यांनी एकदाही काठी बुडवून खोली पाहिली नव्हती. पुस्तकात ते नव्हते. साहेबाच्या समुद्राला तळ लागत नसावा.

काठावर अव्वा उठून उभी राहिली.

"लागले ना पाय जमिनीला?" ती म्हणाली. "मग या घरी."

"ही जमीन नाही," अप्पा पाण्यातून म्हणाले. "हा तळ आहे. आठ दिवस अजून…"

"साकु," अव्वा म्हणाली. कानडीत साकु म्हणजे पुरे. आवाज चढवून नाही. भाताच्या वेळी वाढणाऱ्याला म्हणतात तसे.

अप्पा चालत काठावर आले. म्हाताऱ्याने त्यांना आपले कांबळे दिले. अव्वाने भाकरी सोडली आणि म्हाताऱ्यासकट सगळ्यांना वाढली. अप्पा खात होते आणि मध्येच म्हणाले, "वारा आडवा आला." वारा नव्हता. म्हातारा म्हणाला, "व्हय, आडवाच हुता." मी तेव्हा त्याच्यावर चिडले. पुष्कळ वर्षांनी मला कळले की तीन दिवसांच्या आमटीपेक्षा त्याने अप्पांना त्या एका 'व्हय'मध्ये जास्त दिले. पण खोटे ते खोटेच.

शनिवारी शाळेतल्या कारकुनाने फॉर्म उजेडाला धरला. "हा कोपरा काय झालाय?"

"पाण्यात पडला."

"पालकांची सही आहे ना?"

"आहे. व्यवसायही लिहिलाय."

त्याने शिक्का मारला. दुसऱ्या कारकुनाचा शब्द त्याला पटला असावा.

त्यानंतर महिन्याभरात अप्पा दुसऱ्या एका गिरणीच्या कचेरीत लागले. टेबल कुठे मिळाले ते मी विचारले नाही, आणि त्यांनी सांगितले नाही. घरमालकाकडे अव्वा स्वतः गेली आणि घर राहिले. होडी तलावातच होती. ती ओढून आणायला चार माणसे लागली असती आणि अप्पांनी चौघांना विचारले नाही. उन्हाळ्यात पाणी आणखी उतरले तेव्हा ती चिखलात उघडी पडली आणि गावातल्या लोकांनी लाकूड जळणाला नेले. अप्पा मरेपर्यंत म्हणत राहिले की आकृती बरोबर होती, लाकूड ओले होते. त्यांच्या या वाक्याला आमच्या घरात कुणी उत्तर दिले नाही. कुणीतरी द्यायला हवे होते, असे मला आता वाटते. माणसाला खोडून काढण्याइतकेही कुणी मोजू नये, हे बरे नाही.

मी मार्चमध्ये परीक्षेला बसले आणि पास झाले. तुळजापूरकडचे स्थळ त्या वर्षी तिसऱ्यांदा आले नाही. पुढे पुण्याला कॉलेजात गेले, तिथून परत येऊन इथे सोलापुरातच एका शाळेत एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. तुमच्या आजोबांची आणि माझी ओळखही त्याच शाळेतली.

पुस्तक वाळवीने खाल्ले. वह्या तलावात गेल्या. तलाव आहे, शहर अजून त्याचे पाणी पिते. माझे मॅट्रिकचे प्रमाणपत्र लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहे आणि त्यावरचे नाव स्वच्छ वाचता येते.

तुमची आजी